सावलीतले अडतीस चौकोन

बिरोबाचा माळ, ता. इंदापूर
४ मे २०२४

प्रियदर्शनी,

नमस्कार लिहीत नाही. मनात नसताना कशाला लिहायचा?

पंधरा दिवसांपूर्वी फोनवर तू म्हणालीस, "बघून सांगते." त्यानंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू मीटिंगमध्ये. म्हणून आता कागदावर. दुधाचा टेम्पो रोज सकाळी बारामतीला जातो. तो जळोचीच्या चौकात तुझ्या आईकडे पत्र देईल आणि उत्तर घेऊन येईल.

काय झालं ते पुन्हा सांगते, म्हणजे कळलं नाही असं तुला म्हणता येणार नाही. गेल्या महिन्यात वृक्षलागवड योजनेची माणसं आली. माळावर चुन्याच्या फक्कीनं खुणा केल्या आणि वाटेवर फलक ठोकला: 'निकृष्ट वनाचे पुनरुज्जीवन, क्षेत्र ३१० हेक्टर'. जूनमध्ये खड्डे, मग रोपं, मग कुंपण, आणि पुढं पाच वर्षं चराई बंद. फलकावर नकाशा आहे. आमचा सगळा माळ त्यात विटकरी रंगवलाय. खाली बारीक अक्षरात वर्गीकरण करणाऱ्याचं नाव आहे. तुझं.

आमच्या एकशे साठ मेंढ्या आहेत. त्या वर्षातले आठ महिने या माळावर चरतात. माळ बंद झाला तर जूनपासून त्या कुठं न्यायच्या, ते नकाशात लिहिलेलं नाही.

फलक आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मीच वाचून दाखवला.

"निकृष्ट म्हंजी?"

"बिघडलेलं."

"काय बिघडलंय?"

"जंगल."

"हितं जंगल कवा हुतं?"

याचं उत्तर तू दे. बी.एस्सी.ला तीन वर्षं आपण एका बाकावर बसलो. तू वर्गात पहिली, मी काठावर. तू नकाशे करायला गेलीस, मी मेंढ्यांच्या घरात आले. त्याची तक्रार नाही. पण ज्या जमिनीवर माझं घर जगतं तिला बिघडलेलं जंगल म्हणण्याआधी एकदा येऊन बघायचं होतंस. चाळीस किलोमीटर आहे फक्त.

संजीवनी

जळोची, बारामती
९ मे २०२४

संजीवनी,

सप्रेम जयभीम.

रागाला उत्तर देत नाही. प्रश्नांना देते.

एखादा प्रदेश कोणत्या प्रकारचा, हे ठरवायच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिलीत पाऊस आणि तापमान बघतात. आपल्याकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस आणि आठ महिने कोरडे. त्या तक्त्यात आपला भाग काटेरी वनाच्या रकान्यात पडतो. ही पद्धत इथं काय असू शकेल ते सांगते, काय आहे ते सांगत नाही. म्हणून मी दुसरी वापरली. जमिनीवर प्रत्यक्ष काय वाढलंय ते मोजायचं. गवत सलग असेल आणि झाडांचं छत्र दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो सवाना, म्हणजे मुळातला गवताळ माळ. छत्र दहाच्या वर पण चाळीसच्या आत असेल तर निकृष्ट वन. रेषा दहावर का, हा प्रश्न योग्य आहे. पण रेषा कुठंतरी काढावी लागते, आणि ती मी काढलेली नाही.

उपग्रहाच्या चित्रावर माझा विश्वास नव्हता. उन्हाळ्यात वाळलेलं गवत आणि पानगळ झालेली झुडपं त्यात सारखीच दिसतात. म्हणून जमिनीवर मोजणी करून घेतली. तुमच्या माळावर अडतीस चौकोन, प्रत्येक वीस मीटर बाय वीस मीटर. मोजणारे तिथलेच होते, हे तुला माहीत आहे. छत्राची सरासरी सतरा टक्के आली. दहाच्या खाली नाही, सतरा.

तुमच्या माळाविषयी मला किंवा आबांना काय वाटतं, ते या तक्त्यात धरता येत नाही. धरायला लागलो तर ज्याचा आवाज मोठा त्याचा नकाशा होईल.

हरकती तीस मेपर्यंत देता येतात. आकडे असतील तर पाठव.

प्रियदर्शनी

बिरोबाचा माळ
१४ मे २०२४

प्रियदर्शनी,

आकडे हवेत ना? घे.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. ते सतरा टक्क्यांवर अडले. मी सांगितलं, शंभर पावलं चाललं तर त्यातली सतरा सावलीत पडायला पाहिजेत. आबा म्हणाले, "येवढी सावली हाय, तर साठ वर्षं माझं टकुरं का तापतंय?" आणि उठून पटका बांधायला लागले. "चल. मोजू."

दुपारी बारा वाजता निघालो. पाण्याच्या टाकीपासून बिरोबाच्या देवळापर्यंत सरळ, मध्ये कुठं वळायचं नाही. आबा चालत होते, मी मोजत होते. दोन हजार चारशे पावलं. सावलीत पडली एकसष्ट. भागाकार तुला येतो.

वाटेत आबांनी माळ दाखवला. मी नऊ वर्षं इथं राहते, तरी असा बघितला नव्हता. त्यांच्या हिशेबानं माळ एक नाही, चार आहेत. खडकी: तिथं गवत आखूड, पण पावसाळ्यात पाणी साचत नाही म्हणून मेंढीचे खूर सडत नाहीत. मारवेल गवताचा पट्टा: दिवाळीपर्यंत कुणी शिरायचं नाही, बी पडू द्यायचं. कुसळीचा: कुसळं झडेपर्यंत तिकडं फिरकायचं नाही, मेंढीच्या ओठात घुसतात. आणि ओघळ, जिथं हिवराची झाडं आहेत. झाडं तिथंच आहेत, ओघळीच्या कडेनं. बाकी मोकळं.

"ही वाटणी कुणी केली?" मी विचारलं.

"मेंढीनं केली. आमी बगितली."

तुमच्या तक्त्याला रेषा कुठंतरी काढावी लागते म्हणतेस. आबांच्या तक्त्यात चार खाने आहेत आणि एकातही 'बिघडलेलं' हा शब्द नाही. आवाज मोठा असेल त्याचा नकाशा होतो म्हणालीस. बरोबर आहे. झालाच की.

संजीवनी

बारामती
२१ मे २०२४

संजीवनी,

तुझा भागाकार अडीच टक्के येतो. माझे सतरा. इतका फरक पावलांच्या चुकीनं पडत नाही, म्हणून मी मूळ फॉर्म आणि फोटो काढले.

अडतीस चौकोन. प्रत्येक चौकोनात एक झाड. दोन नाहीत, शून्य नाही, एक. मोकळ्या माळावर यदृच्छेनं अडतीस बिंदू टाकले तर बहुतेकांत काहीच सापडायला नको. एकाही चौकोनात शून्य नाही, हे मला वर्षापूर्वी दिसायला हवं होतं. मी फक्त सरासरी पाहिली.

मग जागा तपासल्या. मी दिलेला बिंदू आणि जिथं मोजणी झाली तो बिंदू, यांत तीस ते नव्वद मीटरचं अंतर आहे. दर वेळी सरकण्याची दिशा एकच: जवळच्या झाडाकडे. वेळा सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेतीन. महिना मे. एकवीस फोटोंत झाडाखाली एकच मोटरसायकल उभी आहे. सूचना स्पष्ट होती: बिंदू जिथं पडेल तिथंच उभं राहायचं. त्यांनी बिंदू उचलून सावलीत नेला.

त्या मोटरसायकलचा नंबर तुला मी सांगायची गरज नाही. फॉर्मवर सही रविराजची आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तूच म्हणालीस, "नवऱ्याला काहीतरी काम दे." मी दिलं. मागच्या दोन पत्रांत तू मला, माझ्या ऑफिसला, माझ्या तक्त्याला बोललीस. मोजणी कोणी केली यावर एक शब्द नाही. तुला माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

खोट्या आकड्यांवर मी सही केली. ती सही मी कशी पुसायची?

प्रियदर्शनी

बिरोबाचा माळ
२५ मे २०२४

प्रियदर्शनी,

माहीत होतं. त्यानं मोजलं हे माहीत होतं. कसं मोजलं हे नव्हतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं.

"बिंदू सावलीत का नेला?"

"कसला बिंदू?"

"मोजणीचा. फोनमधला."

रविराज जेवायचा थांबला. "अगं, फोन बंद पडायचा. बेचाळीस डिग्री. उन्हात दोन मिंटं धरला की पडद्यावर यायचं, तापमान जास्त हाय, थंड हुं द्या. मग झाडाखाली जायाचं, फोन गार करायचा, परत चालू. चालू झाला की तितंच चौकोन टाकायचा. न्हायतर परत उन्हात गेलो की परत बंद."

"ऑफिसला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. बाई म्हणल्या, दिवसाला सहा चौकोन झालंच पायजेत."

ती बाई कोण, ते मी विचारलं नाही.

आता माझं ऐक. फोन तुझ्या ऑफिसचा. मे महिना तू ठरवलास. रोज सहा तू ठरवलेस. त्या सगळ्या महिन्यात तू एक दिवस माळावर आली नाहीस. आली असतीस तर तूही झाडाखालीच उभी राहिली असतीस, आणि तुला पाच मिनिटांत कळलं असतं. माणूस सावलीला जातो, यात खोटेपणा काय आहे? खोटेपणा तर सावलीत बसून केलेल्या नकाशावर कूलर लावून सही करण्यात आहे.

त्याचं नाव कुठं घालू नकोस. इथं माणसं वर्षानुवर्षं बोलतात. आणि आमचा माळ त्या नकाशातून काढ. खड्ड्यांचं मशीन सात तारखेला येतंय.

संजीवनी

जळोची
२ जून २०२४

संजीवनी,

अठ्ठावीस आणि एकोणतीस मेला मी माळावर होते. तुझ्या घरी आले नाही. आले असते तर तू चहा केला असतास, आणि नंतर मला माझ्याच आकड्यांवर शंका आली असती.

अडतीसही बिंदूंवर उभी राहिले, जिथं पडले तिथंच. फोन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. एकोणतीस चौकोनांत एकही झाड नाही. सरासरी दोन पूर्णांक नऊ टक्के. गवत सगळीकडे सलग. तो माळ निकृष्ट वन नाही. तिथं जंगल नव्हतं, म्हणून ते बिघडलेलंही नाही. आबांच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला एक महिना लागला.

आबा दुसऱ्या दिवशी भेटले. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

"बाई, सावलीला या की. भोवळ यील."

"सावलीला यायचं नाही, आबा. तेच काम आहे."

"उन्हाचा पगार देत्यात व्हय?"

मग मी सांगितलं की फलकावरचं नाव माझं. मेंढ्या पुढं निघून गेल्या तरी ते उभे होते. मग टेपचं दुसरं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, "मंग आता नीट मोज." पुढचे अकरा चौकोन टेपचं टोक त्यांनीच धरलं.

आता जे सांगायचं आहे ते तुला आवडणार नाही. आमच्या प्रमुखांना मी आकडे दाखवले. त्यांनी पाच मिनिटांत तोडगा काढला: बिरोबाचा माळ तेवढा 'स्थानिक दुरुस्ती' म्हणून नकाशातून वगळायचा, बाकी नकाशा तसाच ठेवायचा. पण तसेच फोन, तोच महिना, तेच रोज सहा चौकोन घेऊन इंदापूर आणि बारामती तालुक्यांत अकरा गावांच्या माळांवर मोजणी झाली. एकूण दोनशे बारा चौकोन. सगळे तपासले. एकाही चौकोनात शून्य नाही. म्हणजे सगळे सावलीतले आहेत. त्यातला एक माळ माझ्या मैत्रिणीचा म्हणून खरा आणि दहा खोटेच राहू द्यायचे, हे मला जमणार नाही.

मी नाही म्हणाले. संपूर्ण नकाशा मागे घेत असल्याचं लिहून दिलं. रविराजचं नाव त्यात नाही. उपकार म्हणून नाही. मोजणीची वेळ आणि गती मी ठरवली होती, म्हणून चूक माझी आहे.

एक गोष्ट लक्षात ठेव. मशीननं माती उलथली की बारमाही गवताचे गड्डे मरतात. ते पुन्हा धरायला वीस-वीस वर्षं लागतात. झाडं नंतर उपटता येतील, गवत परत लावता येणार नाही. खड्डे थांबवायला हवेत.

प्रियदर्शनी

बिरोबाचा माळ
९ जून २०२४

प्रियदर्शनी,

देत होते ते घेतलं नाहीस!

आमचा माळ सुटत होता. एका सहीनं. तुला फक्त गप्प बसायचं होतं. तू गप्प बसण्यात पहिल्यापासून हुशार, नेमकं यावेळीच तुला बोलायचं होतं? 'खड्डे थांबवायला हवेत' म्हणे. कुणी? तू कागद दिलास आणि तो कुठल्या टेबलावर पडलाय ते देवाला ठाऊक. मशीन मात्र ठरल्या दिवशी आलं. दोन सरी पडून माती मऊ झाली होती. दोन दिवसांत चारशे बारा खड्डे. मारवेलाच्या पट्ट्यात. मी मोजले. तुझ्या संगतीनं मलाही मोजायची खोड लागली.

आज सकाळी आबांनी मेंढ्यांचा वाडा हलवला. घरामागची जाळी, खुंट्या, कोकरं, पाण्याची भांडी, सगळं उचललं आणि मशीनच्या पुढ्यात मेंढ्या बसवल्या. मशीनवाला बावड्याचा, रामहरी नावाचा. तो खाली उतरला.

"आबा, मेंढरं काढा."

"काढतो की. रवंथ हुं द्या."

"किती वेळ लागंल?"

"ते मेंढीला इचार. मी मालक हाय, तिच्या पोटाचा न्हाय."

रामहरी हसला, मशीन बंद केलं आणि आमच्यातच जेवायला बसला. पण तो आज हसला, उद्या त्याचा मालक येईल. एका घरच्या मेंढ्या किती दिवस रवंथ करणार?

ते बाकीचे दहा माळ कुठले? गावांची नावं पाठव. तुझ्याकडं चौकोन असतील, मला माणसं लागतील.

संजीवनी

जळोची
११ जून २०२४

संजीवनी,

यादी वेगळ्या कागदावर आहे. गाव, माळाचं स्थानिक नाव, क्षेत्र, फलक लागला की नाही, खड्डे सुरू झाले की नाही. नकाशा मागे घेतल्याच्या पत्राच्या अकरा प्रती सोबत आहेत, प्रत्येकीवर पोच आहे. वीस तारखेला सुनावणी आहे, हरकतींची मुदतही त्या दिवसापर्यंत वाढवलीय. सुनावणी जाहीर केलेली नाही, पण कायद्यानं कुणालाही येता येतं.

मला प्रकल्पातून काढलं. कारण लिहिलंय, 'कार्यपद्धतीतील निष्काळजीपणा'. कारण खरं आहे, म्हणून वाद घातला नाही. राग वेगळ्या गोष्टीचा आहे. मी चूक केली तेव्हा कुणी एक प्रश्न विचारला नाही. ती कबूल केली तेव्हा सात जणांची समिती बसली.

सुनावणीत मला बोलायची परवानगी नाही. आकडे कागदावर आहेत. बोलणं तुमचं.

प्रियदर्शनी

बिरोबाचा माळ
२२ जून २०२४

प्रियदर्शनी,

नमस्कार.

अकरापैकी नऊ गावं आली. टेम्पोत, मोटरसायकलवर, काही सकाळच्या एसटीनं. पटके आणि लुगड्यांनी कचेरीचा व्हरांडा भरून गेला. साहेबांना वाटलं मोर्चा आहे. मी म्हणाले, मोर्चा नाही, हरकत आहे, प्रत्येकाची वेगळी.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, नकाशा मागे घेतला असेल तर जुनं दप्तर धरावं लागेल. जुन्या दप्तरात हे सगळे माळ 'पडीक' आहेत. आणि पडीक जमिनीवर झाडं लावायला तर कुणाची ना नसते. म्हणजे इतकं करून आम्ही बिघडलेल्या जंगलातून निघालो आणि पडीक झालो. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला आणि तुझाही.

साहेबांनी मग मोजणीत नक्की काय चुकलं ते विचारलं. मी कागद चाळत होते, तेवढ्यात मागून रविराज उठला. "सावलीला मी हुतो उभा. फोन तापायचा. एक बी चौकोन उन्हात न्हाय टाकलेला." व्हरांडा हसला. तो लालबुंद होऊन खाली बसला. नाव घालू नकोस म्हणून मी तुझ्या पाया पडायचीच बाकी होते, आणि यानं भर कचेरीत स्वतःच सांगितलं.

हरकतीचा अर्ज छापील आहे. जमिनीचा प्रकार: वन, शेती, वस्ती, पडीक. चार चौकोन, एकावर खूण करायची. मी कारकुनाला विचारलं, गवत कुठं लिहायचं?

"गवत म्हणजे पडीकच."

मागं प्रयागबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या, यादीतल्या सातव्या गावच्या. त्या म्हणाल्या, "तुझं डोस्कं पडीक. दोनशे मेंढरं खात्यात ते पडीक व्हय रं?"

मी पेन घेतलं, अर्जावर पाचवा चौकोन काढला, पुढं लिहिलं 'गवताळ माळ' आणि त्यावर खूण केली. मग पेन फिरलं. नऊ गावांच्या प्रत्येक अर्जावर पाचवा चौकोन. कुणाचा वाकडा, कुणाचा गोल.

"छापील अर्जात असं वाढवता येत नाही," कारकून म्हणाला.

"मग छापताना आमाला का न्हाय इचारलं?" प्रयागबाई म्हणाल्या.

त्यानं अर्ज घ्यायला नकार दिला. आम्ही उठायला नकार दिला. साडेपाचला कचेरी सुटते. कुणी हललं नाही. बायकांनी भाकरी सोडल्या. पाच वाजून पन्नास मिनिटांनी त्यानं पहिला शिक्का मारला. सव्वासहाला शेवटचा. साहेबांनी लिहून दिलं: ऑक्टोबरमध्ये गवत उभं असताना फेरमोजणी, तोवर अकराही माळांवर काम बंद.

पुढचं माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये कोण येईल, कुठं उभं राहील, कुठल्या चौकोनात आपल्याला टाकेल, कुणी सांगावं. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू आमचा एकट्याचा माळ सोडवून घ्यायला हवा होतास, असं मला अजूनही वाटतं. तुझं बरोबर निघालं म्हणून तर राग जास्तच येतो.

सुनावणीपर्यंत मेंढ्या मशीनपुढून उठल्या नाहीत. आता मशीन गेलं, खड्डे राहिले. पट्ट्यात मारवेलाचे गड्डे मुळं वर करून पडलेत. आबा म्हणतात, पाऊस अजून लागलेला नाही, तोवर गड्डा परत त्याच्या जागी ठेवून माती दाबली तर काही तरी जगतील. आम्ही दिवसाला वीस बुजवतो. चारशे बारा भागिले वीस, तू कर. तेवढे दिवस गवताकडं नाहीत.

तुला आता ऑफिस नाही. उद्याच्या टेम्पोनं ये. आमच्याकडं फावडी तीनच आहेत, तुझं तू आण.

संजीवनी